घोडा, कुत्रा आणि राहून गेलेली गाय

१७६३ साली डेन्मार्कच्या सरकारने पीटर ख्रिस्तियान आबिल्डगार्ड नावाच्या तरुणाला फ्रान्समधल्या ल्याँ शहरी शिकायला पाठवले. कारण होते बुळकांडी. त्या शतकात युरोपातले गोठेच्या गोठे या रोगाने ओस पडत होते आणि राज्यकर्त्यांना पहिल्यांदाच असे वाटू लागले होते, की जनावरांचे वैद्यक हे नालबंद आणि गुराख्यांवर सोडून चालणार नाही. ल्याँमध्ये क्लोद बूर्जला या गृहस्थाने १७६१ साली राजाची परवानगी मिळवून पुढच्या वर्षी जगातली पहिली पशुवैद्यकीय शाळा सुरू केली होती. स्वीडननेही त्याच सुमारास पेटर हेर्नक्विस्ट या निसर्गशास्त्रज्ञ लिनियसच्या शिष्याला तिकडे धाडले. दोघेही परतले. आबिल्डगार्डने १७७३ मध्ये कोपनहेगनला आणि हेर्नक्विस्टने १७७५ मध्ये स्कारा या गावी शाळा काढली. त्याच १७७५ साली आबिल्डगार्डने एका कोंबडीवर केलेला प्रयोग आज हृदयविज्ञानाच्या इतिहासात सांगितला जातो. त्याने कोंबडीच्या डोक्याला विजेचा झटका दिला, ती निपचित पडली. पुन्हा डोक्यालाच झटके दिले, तर काही फरक पडला नाही. मग छातीला दिला, आणि कोंबडी उठून चालू लागली. हाच खेळ अनेकदा झाल्यावर ती बिचारी सुन्न झाली, दिवसभर काही खाल्ले नाही. पण पुढे सावरली आणि अंडेही घातले. बंद पडलेले हृदय विजेने पुन्हा चालू करण्याची ही सर्वांत जुन्या नोंदींपैकी एक.

गाईचा रोग शिकायला सरकारी खर्चाने परदेशी गेलेल्या विद्यार्थ्याच्या नावावर अशी हृदयाची नोंद राहिली, यात गमतीपेक्षा अधिक काही आहे. प्राण्यांचे वैद्यक शिकण्यासाठी देशाबाहेर जाण्याची परंपरा पशुवैद्यकाच्या शाळांइतकीच जुनी आहे. आज पीएच.डी.साठी अमेरिका, इंग्लंड, स्वीडन किंवा जपान गाठणारा तरुण पशुवैद्य त्याच वाटेने चालतो. पण या अडीचशे वर्षांकडे सलग पाहिले तर एक गोष्ट वारंवार दिसते. विद्यार्थी रोगी हृदय जिथे आहे तिथे जात नाही. हृदय तपासायला पैसा जिथे आहे तिथे तो जातो, आणि पैसा देणाऱ्याला ज्या प्राण्यात रस असतो त्या प्राण्याचे हृदय शिकून येतो. मग घरी परतल्यावर त्याच्या लेखी तेच ‘हृदय’ होऊन बसते. या शास्त्रात आधी घोडा होता, मग कुत्रा आला. ज्या गाईसाठी हे सारे सुरू झाले ती मात्र मागे राहिली. आणि सर्वांत जास्त नुकसान तिथे झाले, जिथे गाईच सर्वांत जास्त आहेत, म्हणजे आपल्याकडे.

घोड्याचे कारण उघड आहे. बूर्जला मुळात घोडेस्वारी शिकवणारा, ल्याँच्या अश्वारोहण अकादमीचा प्रमुख. परवान्यात गुरांचा उल्लेख असला तरी शाळेत जीव होता तो घोड्यांत, आणि सरकारलाही तोफा ओढायला व घोडदळाला घोडेच हवे होते. याच शाळेतून शंभर वर्षांनी ओग्युस्त शोव्हो पुढे आला. पॅरिसच्या एत्येन-ज्यूल मारे या शरीरक्रियाशास्त्रज्ञाकडे हालचाली कागदावर उमटवणारी यंत्रे होती. शोव्होकडे घोडे होते आणि जिवंत घोड्याच्या अंगात नळी सरकवण्याचा हात होता. १८६१च्या सुमारास या दोघांनी उभ्या, जाग्या घोड्याच्या मानेच्या शिरेतून नळी घालून ती हृदयाच्या उजव्या कप्प्यांत पोचवली, धमनीतून डाव्या निलयात दुसरी नेली आणि दोन्हीकडचा दाब एकाच वेळी नोंदवला. अलिंद आधी आकुंचन पावते की निलय, छातीवर जाणवणारा ठोका नेमका कोणत्या क्षणी पडतो, या वादांचा निकाल त्या कागदाने लावला. पुढे १९२९ साली जर्मनीत व्हेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरने स्वतःच्या दंडाच्या शिरेतून नळी हृदयापर्यंत ढकलली, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर पुस्तकातले याच घोड्याचे चित्र होते. १९५६ मध्ये फोर्समानला नोबेल मिळाले. माणसाच्या अँजिओग्राफीचे मूळ असे घोड्याच्या तबेल्यात आहे. लंडनच्या टॉमस लुईसनेही अलिंदांची बेताल थरथर माणसात आणि घोड्यात एकच असते हे दाखवले, ते १९११ मध्ये, अनियमित नाडीचे घोडे तपासून.

कुत्रा या शास्त्रात रोगी म्हणून आला नाही. प्रयोगाचे साधन म्हणून आला. ऑगस्टस वॉलरने १८८७ साली लंडनला माणसाच्या हृदयाची विद्युत्-नोंद पहिल्यांदा घेतली. तो सभांमधून दाखवायचा मात्र त्याचा बुलडॉग जिमी. जिमीचे पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत ठेवायचे, तारा जोडायच्या आणि पडद्यावर प्रकाशाची रेघ नाचताना लोकांनी पाहायची. १९०९ मध्ये यावर ब्रिटिश पार्लमेंटात प्रश्न आला, कुत्र्याचा छळ होतो आहे का म्हणून. गृहमंत्री हर्बर्ट ग्लॅडस्टन यांनी उत्तर दिले ते साधारण असे, की पाण्यात थोडे मीठ होते, समुद्रात पाय बुडवून उभे राहिल्यासारखेच ते. वॉलरचे काम १८८९ साली बाझेलच्या शरीरक्रियाशास्त्र परिषदेत विलेम आइंटहोव्हेनच्या पाहण्यात आले. त्यानेच पुढे लायडनला ईसीजीचे खरे यंत्र घडवले. हे तपशील अशासाठी, की या शास्त्रात विद्या पुस्तकांपेक्षा डोळ्यांनी अधिक फिरली. परक्या गावी जाऊन, दुसऱ्याच्या हाताखाली उभे राहून पाहिल्याशिवाय नळी कुठे अडते आणि रेघ कुठे खोटे बोलते हे कळत नसे. त्यामुळे परदेशी जाणे हा इथे शिक्षणाचा गाभाच होता.

कुत्र्याचे हृदय कुत्र्यासाठी तपासायला हवे, हे ठामपणे मांडणारे गाव फिलाडेल्फिया. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची पशुवैद्यकीय शाळा १८८४ची. (दोनच वर्षांनी, १८८६ मध्ये, त्याच शहरातल्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, आणि त्याच वर्षी मुंबईत परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय उघडले. योगायोगच, पण मराठी वाचकाच्या नजरेतून सुटणारा नव्हे.) पेनसिल्व्हेनियाच्या याच शाळेतून १९४२ साली पदवीधर झालेल्या डेव्हिड डेटवायलर यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर कुत्र्यांच्या हृदयाचे काम हाती घेतले आणि १९६०च्या सुमारास तौलनिक हृदयविज्ञानाचा स्वतंत्र विभाग उभारला. पशुवैद्यांना हृदयाचे पद्धतशीर उच्चशिक्षण देणारे हे जगातले पहिले ठिकाण. त्यामागे पैसा होता अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचा, म्हणजे माणसाच्या हृदयविकाराला घाबरलेल्या सरकारचा. कुत्रा माणसाच्या जवळचा नमुना होता. त्याच्यावर औषधांची चाचणी होत होती, म्हणून त्याचे निरोगी आणि रोगी हृदय कसे असते हे कळणे गरजेचे होते. १९६५ साली डेटवायलर आणि डोनाल्ड पॅटरसन यांनी विद्यापीठाच्या दवाखान्यात आलेल्या ४,८३१ कुत्र्यांची पाहणी प्रसिद्ध केली. कोणत्या वयात, कोणत्या जातीत, कोणता हृदयविकार किती, याचा इतका मोठा हिशेब तोवर कोणी मांडला नव्हता. पॅटरसन यांनी पुढे पूडल जातीतला एक जन्मजात दोष आनुवंशिक असल्याचे दाखवले आणि पशुवैद्यकातल्या अनुवंशशास्त्राचाच पाया घातला. १९७० मध्ये स्टीफन एटिंजर आणि पीटर सूटर यांचा कुत्र्यांच्या हृदयविज्ञानावरचा ग्रंथ आला. सूटर मूळचे स्वित्झर्लंडचे, झ्युरिकहून अमेरिकेत गेलेले. त्यानंतर लवकरच अमेरिकेत पशुवैद्यकीय हृदयतज्ज्ञ ही परीक्षा घेऊन दिली जाणारी मान्यता झाली, युरोपने तेच केले आणि १९९९ पासून या विषयाचे स्वतंत्र नियतकालिकही निघू लागले. चाळीसेक वर्षांत एक शास्त्र उभे राहिले, आणि त्याचा रोगी ठरला कुत्रा. मांजर थोडे मागून आले.

आपल्याकडची गोष्ट बुळकांडीपासूनच सुरू होते. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये १८८९ साली जनावरांच्या साथींसाठी सरकारी जंतुशास्त्र प्रयोगशाळा सुरू झाली; ती १८९३ मध्ये कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला गेली आणि तीच आजची भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्था. परळच्या महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य जे. एच. स्टील हे लष्करी पशुवैद्य होते. मुंबईच्या ट्रामही १९०५ पर्यंत घोडेच ओढत होते. खात्यातल्या वरच्या जागांना विलायतेतली एम.आर.सी.व्ही.एस. ही पदवी लागे, आणि ती ज्या शाळांत मिळे तिथे घोडा हाच अभ्यासक्रमाचा केंद्रबिंदू होता. स्वातंत्र्यानंतर बोट लंडनकडून अमेरिकेकडे वळली. अमेरिकी मदतीने तिथली कृषी विद्यापीठे आपल्या राज्यांशी जोडली गेली. पंतनगरशी इलिनॉय, लुधियान्याशी ओहायो स्टेट, आंध्रशी कॅन्सस स्टेट आणि महाराष्ट्राशी पेनसिल्व्हेनिया स्टेट. या काळात अनेक भारतीय पशुवैद्य पीएच.डी.साठी तिकडे गेले. इथे एक फाटा फुटला, तो फारसा बोलला जात नाही. परदेशात प्रयोगशाळेचे दार आणि दवाखान्याचे दार वेगवेगळे आहे. पीएच.डी.ला प्रवेश मिळवायला भारतीय पदवी आणि चांगले गुण पुरतात. पण तिथल्या रुग्णालयात प्रत्यक्ष रोग्यावर हात ठेवायचा, तर भारतीय पदवीधराला आधी तिथली वेगळी पात्रता परीक्षा पार करावी लागते, मग इंटर्नशिप, मग तीन-तीन वर्षांची रेसिडेन्सी. साहजिकच बहुतेकांनी पहिले दार धरले. ते हृदयाच्या पेशी, उंदीर, औषधांचे परिणाम शिकले. गोठ्यात उभी असलेली दुखरी गाय नव्हे. यात विद्यार्थ्याचा दोष शोधणे अन्यायाचे होईल. अनुदान मार्गदर्शकाचे असते, आणि विद्यार्थ्याला मिळतो तो मार्गदर्शकाचा प्राणी.

आता मागे राहिलेल्या या गाईच्या हृदयाचे काय होते ते पाहावे. गाय गवत चावून गिळत नाही, आधी गिळते आणि मग सावकाश रवंथ करते. कडब्याच्या कुट्टीत आलेला खिळा, बांधकामावरची बाइंडिंगची तार, गोणपाट शिवायची सुई तिच्या जिभेला कळत नाही. जड वस्तू थेट जाळीदार पोटात जाऊन बसते. या पोटाच्या पुढे आहे पातळ पडदा, आणि पडद्यापलीकडे काही सेंटिमीटरवर हृदय. पोट आकुंचन पावते तशी तार पुढे सरकते. गाय गाभण असली, कळा देत असली तर आणखी जोराने. एक दिवस ती हृदयावरणाला भोसकते. मग गाय पाठ वर काढून, कोपरे बाहेर फाकून उभी राहते, उतारावरून चालायला कुरकुरते, वशिंडामागे चिमटले तरी नेहमीसारखी पाठ खाली झुकवत नाही. पुढे मानेची शीर दोरखंडासारखी तट्ट फुगते, गळ्याची पोळी आणि छाती सुजते. कानाला नळी लावली तर ठोके दबलेले किंवा पाणी खळबळल्यासारखे ऐकू येतात. शेतकरी हे दृश्य ओळखतो, डॉक्टर तर ओळखतोच. कित्येक ठिकाणी तार आधीच पकडून ठेवण्यासाठी गाईला लोहचुंबक गिळायला दिले जाते. दुसरा आजार लाळ्या-खुरकूत. मोठे जनावर तोंडातल्या आणि खुरातल्या फोडांनी बेजार होऊन बहुधा बरे होते, पण दुधावरचे वासरू कधी कधी फोड न येताच पटकन मरते. शवविच्छेदनात त्याच्या हृदयाच्या स्नायूवर फिकट पट्टे दिसतात, म्हणून जगभरचे पशुवैद्य त्याला वाघाचे हृदय म्हणतात. हे दोन्ही सरळसरळ हृदयरोग आहेत. पण आपल्या महाविद्यालयांत तार जाते शल्यचिकित्सा विभागाकडे, वासराचे हृदय जाते विकृतिशास्त्राकडे किंवा विषाणूंच्या अभ्यासाकडे, आणि हृदयरोग म्हणून प्रबंधाला विषय सुचतो तो बहुतेक वेळा शहरातल्या लॅब्राडॉरचा.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा, की हृदय शेवटी हृदयच आहे. चार कप्पे, चार झडपा. कुत्र्यावर हात बसला की गाईवरही चालेल. हा आक्षेप वजनदार आहे, कारण बऱ्याच अंशी तो खरा आहे. इको करणारा हात, ठोके ऐकणारा कान, आकडेवारीची शिस्त ही कुठेही उपयोगी पडतात. पण जिथे तो खोटा ठरतो तिथे तो रोगनिदानच चुकवतो. माणूस, कुत्रा आणि मांजर यांच्या निलयात विजेचा संदेश पोचवणारे पर्किंजे तंतू भिंतीच्या आतल्या थरातच पसरलेले असतात. त्यामुळे उत्तेजनाची लाट आतून बाहेर सरकते आणि ईसीजीच्या रेघेवरून कोणता कप्पा वाढला आहे याचा अंदाज घेता येतो. गाय, घोडा, शेळी यांच्यात हेच तंतू भिंतीच्या जवळजवळ पूर्ण जाडीत घुसलेले असतात. बहुतेक स्नायू एकाच वेळी पेटतो, उलटसुलट दिशांचे प्रवाह एकमेकांना खोडतात, आणि रेघेवरून लय कळते पण हृदयाचा आकार कळत नाही. कुत्र्याचे ईसीजीचे निकष गाईला लावणारा डॉक्टर म्हणजे चुकीच्या शहराचा नकाशा हातात घेऊन हिंडणारा प्रवासी. गंमत अशी, की ओहायो स्टेटच्या रॉबर्ट हॅम्लिन आणि रॉजर स्मिथ यांनी ही प्राण्यांची वर्गवारी मांडली, तीही १९६५ साली, न्यूयॉर्कच्या विज्ञान अकादमीच्या त्याच खंडात, ज्यात फिलाडेल्फियाच्या ४,८३१ कुत्र्यांचा हिशेब छापला गेला. गाईचे हृदय वेगळ्या रीतीने वाचावे लागते, हे कुत्र्यांच्या शास्त्राच्या जन्मकाळीच कागदावर आले होते. पुढे वाढला तो कुत्र्यांचा हिशेब.

खुद्द कुत्र्यांतही हा प्रश्न सुटलेला नाही. १९९५ साली जेम्स ब्युकॅनन आणि योर्ग ब्युखेलर यांनी क्ष-किरणाच्या चित्रात हृदयाची लांबी-रुंदी पाठीच्या मणक्यांच्या मापात मोजायची एक सोपी पद्धत दिली. शंभर निरोगी कुत्र्यांवरून सरासरी निघाली ९.७ मणके. जगभर ती रूढ झाली, कारण पट्टी आणि डोळा सोडून काही लागत नाही. पण लवकरच कळले, की काही जातींचे निरोगी हृदयही या मापात मोठे भरते. ग्रेहाउंडचे तर ठळकपणे, कारण धावण्यासाठी घडलेल्या त्या शरीरात हृदय मुळातच मोठे असते. आता लातूर-सोलापूर-सांगलीकडचा कारवानी किंवा मुधोळ कुत्रा आठवा. लांब पाय, खोल छाती, बारीक कंबर. बांधा सगळा शिकारी हाउंडचाच. परदेशी सरासरीवर त्याचे क्ष-किरण चित्र धरले, तर निरोगी जनावराला रोगी ठरवण्याचा धोका आहे. भारतातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये इंडियन स्पिट्झ, लॅब्राडॉर आणि गावठी कुत्र्यांची मापे वेगळी काढून प्रसिद्ध केली. हे काम फार दिखाऊ नाही, महागडे तर अजिबात नाही, पण पशुवैद्याच्या रोजच्या टेबलावर त्याचा उपयोग एखाद्या झगमगीत पेशीशास्त्रीय प्रबंधापेक्षा जास्त आहे, असे मला वाटते.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. कुत्र्याचा मालक झडपेच्या उपचाराला पैसे मोजतो. गाईच्या हृदयावर कोण खर्च करणार? परदेशी पाठ्यपुस्तके याचे उत्तर रोकडे देतात. हृदयावरण सडलेली गाय वाचण्याची आशा कमी, तेव्हा ती कत्तलखान्यात पाठवा. पण महाराष्ट्रात १९७६च्या कायद्याने गाईच्या आणि २०१५च्या दुरुस्तीने बैल-वळूंच्या कत्तलीला बंदी आहे. कायदा योग्य की अयोग्य हा इथला विषय नाही. वस्तुस्थिती एवढीच, की पुस्तकातला अखेरचा उपाय इथल्या डॉक्टरला उपलब्धच नाही. त्याला रोग लवकर ओळखावा लागतो, नाहीतर जनावराचे हाल आणि शेतकऱ्याचे दूध दोन्ही डोळ्यांदेखत जाते. शिवाय २०१९च्या पशुगणनेत देशात गाय-बैल १९.३ कोटींच्या वर आणि म्हशी सुमारे ११ कोटी होत्या. इतक्या जनावरांच्या आजाराला बाजार नाही असे म्हणणे म्हणजे बाजार कशाला म्हणतात तेच विसरणे. आणि गुरांचे हृदय पैशाअभावी कोणी अभ्यासलेच नाही, असेही नाही. अमेरिकेत कोलोरॅडोच्या उंच कुरणांवर छाती आणि पोळी सुजून गुरे मरत. जॉर्ज ग्लोव्हर आणि आयझॅक न्यूसम या फोर्ट कॉलिन्सच्या पशुवैद्यांनी १९१५ मध्ये त्याचे वर्णन केले. विरळ हवेत फुप्फुसाच्या धमन्यांचा दाब वाढून उजवे हृदय थकते, हे पुढच्या संशोधनातून उलगडले. माणसांच्या फुप्फुसदाबाचे डॉक्टरही त्यात उतरले. आज तिथे पैदाशीचा वळू घ्यायच्या आधी मानेच्या शिरेतून नळी घालून त्याचा फुप्फुसदाब मोजतात. शोव्होची नळी शेवटी गुरांपर्यंत आली ती कोलोरॅडोत, कारण तिथल्या पशुपालकाचे नुकसान तिथल्याच कृषी महाविद्यालयाने आपला प्रश्न मानले.

भारतातही असे एकदा घडले. चंडीगडचे हृदयतज्ज्ञ इंदर आनंद आणि त्यांच्या ब्रिटिश सहकाऱ्यांनी लडाखमध्ये याक, गाय आणि त्यांच्या संकरित जनावरांचा फुप्फुसदाब मोजून १९८६ साली प्रसिद्ध केला. उंचीवर याकचा दाब वाढत नाही, आणि हा गुण याक-गाय संकरातून जन्मलेल्या झो या जनावरातही उतरतो. पुढच्या पिढीत मात्र काही जनावरे याकच्या वळणावर जातात, काही गाईच्या. म्हणजे गुण आनुवंशिक. इतके देखणे काम, भारताच्या भूमीवर, भारतीय जनावरांवर. पण ते केले माणसांच्या डॉक्टरांनी. पशुवैद्यकाच्या कोणत्या विभागात ते बसवायचे, हा प्रश्न आजही विचारला तर उत्तराला वेळ लागेल.

मग परदेशी जाऊच नये का? हा तिसरा आक्षेप, आणि त्याला उत्तर देणे सोपे आहे, कारण इतिहासच ते देतो. आबिल्डगार्ड आणि हेर्नक्विस्ट गेले नसते तर कोपनहेगन आणि स्काराच्या शाळा तेव्हा निघाल्या नसत्या. फरक परतल्यानंतर काय केले यात आहे. स्वीडनने आपला आधार आपल्याच घरात शोधला. तिथे कुत्र्यांचा विमा उतरवण्याची जुनी रीत आहे, आणि विमा कंपनीच्या नोंदींतून कोणत्या जातीचा कुत्रा कोणत्या वयात कशाने मरतो याचा प्रचंड साठा तयार झाला. उप्सालाच्या संशोधकांनी, विशेषतः क्लॅरेन्स क्वार्ट आणि येन्स हेगस्त्र्योम यांनी, कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल या जातीच्या झिजणाऱ्या मायट्रल झडपेवर लक्ष एकवटले, आणि हृदयाच्या ठोक्यांत मर्मर ऐकू येणाऱ्या कुत्र्यांना पैदाशीतून बाजूला ठेवण्याचे नियम तिथे झाले. ज्या देशाने अडीचशे वर्षांपूर्वी विद्यार्थी ल्याँला पाठवले, तिथे आता बाहेरचे डॉक्टरेटचे विद्यार्थी येतात. याच झडपेच्या आजारावरची, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेली एपिक ही चाचणी ११ देशांतल्या ३६ केंद्रांत ३६० कुत्र्यांवर झाली; लक्षणे दिसण्याआधीच पिमोबेंडन हे औषध दिले तर हृदय निकामी होणे सरासरी पंधरा महिने लांबते, हे तिने सिद्ध केले. खर्च औषध बनवणाऱ्या कंपनीचा, आणि चाचणीतले कुत्रे १५ किलोपर्यंतचे. दोन्हींत गैर काही नाही, फक्त पैसा आणि प्राणी यांचे नाते इथेही जसेच्या तसे आहे. जपानचे उदाहरण अधिक बोलके. मासामी उएची यांनी कुत्र्याच्या उघड्या हृदयावर मायट्रल झडप दुरुस्त करण्याची शस्त्रक्रिया इतकी पक्की केली, की युरोप-अमेरिकेतले शल्यविशारद ती शिकायला योकोहामाला जाऊ लागले. वाट उलटी वळू शकते, पण जो आपल्याकडच्या रोग्यावर ठाण मांडून बसतो त्याच्याचकडे.

म्हणून आक्षेप परदेशगमनाला नसून, रोगी कोण हे ठरवायचा हक्क परक्या अनुदानाकडे सोडून देण्याला आहे. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या परदेशी डॉक्टरेटच्या शिष्यवृत्त्या असोत किंवा राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती असो, तो पैसा आपला आहे. आबिल्डगार्डला पाठवणाऱ्या डॅनिश सरकारने निदान कशासाठी पाठवतो आहोत एवढे सांगितले होते. तसेच इथेही सांगता येईल. गाईच्या हृदयाचा इको खोलवर पोचणाऱ्या कमी वारंवारतेच्या प्रोबने कसा करायचा, तार हृदयापर्यंत पोचण्याआधी रक्तातल्या ट्रोपोनिन या प्रथिनावरून ती ओळखता येते का, लाळ्या-खुरकुतीच्या साथीत कोणते वासरू दगावणार हे एक दिवस आधी कळेल का, कारवानी कुत्र्याचे निरोगी हृदय किती मणक्यांचे, हे प्रश्न घेऊन उप्साला किंवा फिलाडेल्फियाला जाणारा विद्यार्थी तिथल्या मार्गदर्शकालाही नवे काही देईल. शिष्यवृत्तीच्या निवड समित्यांवर बसणाऱ्या ज्येष्ठ पशुवैद्यांना एवढीच विनंती, की मुलाखतीत विद्यापीठाचे नाव विचारण्याआधी उमेदवाराला त्याचा रोगी कोण आहे ते विचारा. आणि दहापैकी चार उमेदवारांचे उत्तर तरी गाय, म्हैस किंवा शेळी असेल, अशी अट जाहिरातीतच घाला.